पांबनचा जुना रेल्वे पूल : नकाशे नव्याने काढताना आणि १:१०० नमुना करताना ठेवलेल्या नोंदी

८ जून २०२५

काम असं आहे. पांबनच्या जुन्या रेल्वे पुलाचा उघडणारा भाग आणि त्याच्या दोन्ही अंगांचे दोन-दोन साधे गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग), एवढ्याचे नकाशे संगणकावर नव्याने काढायचे. मग त्यावरून १:१०० मापाचा चालता नमुना करायचा. चालता म्हणजे उघडणाऱ्या भागाचे दोन अर्धे, दोन्ही पाकळ्या, खरोखर वर गेल्या पाहिजेत आणि परत येऊन नीट टेकल्या पाहिजेत.

पूल २४ फेब्रुवारी १९१४ला सुरू झाला. मुख्य भूमीवरचं मंडपम आणि रामेश्वरम बेटावरचं पांबन यांच्यामधला समुद्र ओलांडणारे १४५ साधे गाळे आणि जहाजांसाठी उघडणारा एक. एकूण लांबी सुमारे २०६५ मीटर. डिसेंबर २०२२पासून त्यावरून गाडी गेलेली नाही आणि यंदा ६ एप्रिलला शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. खाऱ्या वाऱ्यातलं लोखंड रंगकामाशिवाय फार थांबत नाही. हे काम पुढच्या वर्षावर टाकायचं नाही असं मी म्हणूनच ठरवलं.

माझ्या हातात सात शीट आहेत. चार एका संग्राहकाकडच्या जुन्या प्रिंटवरून स्कॅन केलेल्या, तीन जुन्या तांत्रिक छपाईतल्या घडीच्या पानांवरच्या. स्कॅनिंग आणि प्रती मिळून २,८०० रुपये गेले. मी सोळा वर्षं ड्राफ्टिंग करते आहे, पण इमारतींचं. पुलाचं, आणि तेही फूट-इंचांतलं, हे पहिल्यांदाच.

१५ जून

पूर्ण आठवडा फुकट गेला, त्याचं कारण आधी लिहिते.

स्कॅन थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकले, एका लिहिलेल्या मापावरून मोठे केले आणि त्यावर रेषा ओढायला लागले. चौथ्या दिवशी लक्षात आलं की आडवी मापं जुळतात, पण उभी जुळत नाहीत. उभं जुळवलं की आडवं सुटतं. वाटलं स्कॅनरचा रोलर सरकला असेल, म्हणून दोन शीट पुन्हा स्कॅन करून आणल्या. फरक तोच.

शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. ते निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत, हयात सगळी ड्रॉइंग बोर्डवर गेली. त्यांनी प्रिंट खिडकीजवळ धरली, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, ही ब्लूप्रिंट आहे. ही पाण्यातून धुऊन काढतात. वाळताना कागद एका अंगाला जास्त आखडतो. लिहिलेलं माप वाच, मोजत बसू नकोस."

मग दोन्ही दिशांना लिहिलेली मापं शोधून वेगवेगळं प्रमाण काढलं. एका शीटवर आडवा कागद १.१ टक्के आखडलेला निघाला, उभा ०.४ टक्के. प्रत्येक शीटचे आकडे वेगळे. आता नियम केला आहे की स्कॅन हा फक्त आकार समजण्यापुरता खालच्या लेअरवर फिका ठेवायचा आणि रेष ओढायची ती आकड्यावरूनच. जिथे आकडा पुसट आहे तिथे रेष लाल. लाल रेष म्हणजे माझा अंदाज. पुढे कोणी या फाइल वापरल्या तर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे त्यांना दिसलं पाहिजे.

२२ जून

दोन शीटवर प्रमाण लिहिलंय १/८ इंचाला १ फूट. मी ते मनात १:१०० धरून चालले होते, कारण दिसायला जवळपास तेवढंच दिसतं. एका फुटात १२ इंच, इंचाचे आठ भाग, म्हणजे ते १:९६ आहे. या चुकीने ४० फुटांचा गाळा प्रिंटवर १२७ मिमी आला, माझ्या मापात तो १२२ असायला हवा. खांबांचे साचे यावरूनच कापून झाले होते, ते टाकून द्यावे लागले. ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या लेझर कटिंगचे ६४० रुपये पाण्यात.

१:९६ वरून १:१०० ला यायचं तर प्रिंट ९६ टक्क्यांवर काढायची. भिंतीवर चिकटवून ठेवलं आहे.

६ जुलै

शीट क्रमांक ६ सगळ्यात सुंदर होती. वक्र गर्डर, त्याची दातेरी पट्टी, पाकळी तोलणारं मागचं वजन, सगळं ठसठशीत. नऊ संध्याकाळी मी तिच्यावर घालवल्या. रिव्हेटच्या रांगासुद्धा काढल्या.

आज रुळांचा आडवा छेद काढायला घेतला. दोन रुळांमधलं माप बारीक अक्षरांत होतं, म्हणून भिंग लावलं : ४ फूट ८ १/२ इंच. दोनदा वाचलं. पांबनचा पूल बांधला तेव्हा मीटरगेज होता. मीटरगेज फूट-इंचांत लिहिलं तर ३ फूट ३ ३/८ इंच येतं. ४ फूट साडेआठ हे अमेरिका-इंग्लंडमधलं गेज. म्हणजे ही शीट पांबनची नाहीच, त्याच पद्धतीच्या दुसऱ्या कुठल्या तरी पुलाची आहे आणि कधीतरी या गठ्ठ्यात येऊन पडली आहे.

हे होऊ शकतं, कारण पूल उघडण्याची ही पद्धत एका पुलापुरती नव्हती. शिकागोच्या विल्यम शेर्झरने ती काढली. तो १८९३ सालीच गेला, पण त्याच्या नावाच्या कंपनीने पुढे जगभर असे पूल उभे केले. पांबनची रचना त्याच घराण्यातली, आणि तिथलं लोखंडकाम इंग्लंडमधल्या हेड राइटसन कंपनीचं. भावंडं एकसारखी दिसणारच.

जे करायला हवं होतं ते असं : शीट हातात आली की सगळ्यात आधी गेज शोधायचं. पुलाच्या नकाशावर ते कुठे ना कुठे लिहिलेलं असतंच. दोन मिनिटांचं काम होतं. ते न केल्यामुळे माझे अंदाजे बावीस तास गेले. शीट ६ची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, पुसली नाही. दातेरी पट्टीची रीत समजून घ्यायला ती उपयोगी आहे. माप म्हणून मात्र तिच्यातलं काहीही घ्यायचं नाही.

२० जुलै

मागच्या चुकीने एक प्रश्न उभा केला, तो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मी नेमका कोणत्या सालचा पूल काढते आहे?

१९१४चा एक पूल आहे. मग १९६४ आहे. डिसेंबरच्या २२-२३च्या रात्री चक्रीवादळ आलं, पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी माणसांसकट समुद्राने ओढून नेली, धनुष्कोडी गाव संपलं आणि या पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले. उघडणारा भाग तेवढा जागेवर राहिला. दुरुस्तीचं काम दिलं होतं ते ई. श्रीधरन यांच्याकडे. कोकण रेल्वेमुळे आपण सगळे त्यांना ओळखतो, तेव्हा ते तरुण अभियंते होते. समुद्रतळावर पडलेले गर्डर वर काढून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल चालू केला. त्यानंतर २००७ साली पूल ब्रॉडगेज झाला, त्यासाठी मजबुतीकरण झालं.

म्हणजे माझ्याकडच्या जुन्या शीट मीटरगेजच्या, आणि मी ज्यांवरून तपशील भरत होते ते बहुतेक फोटो २००७ नंतरचे. दोन वेगवेगळे पूल मी एकाच रेषेत मिसळत होते. शीट २वर असे अकरा तपशील सापडले जे फोटोतून आलेत आणि नकाशात नाहीत. सगळे काढून टाकले.

ठरलं : साल १९१४. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात, प्रमाणाच्याही आधी, साल लिहायचं. फोटोतून घेतलेलं काहीही निळ्या रेषेत, आणि शेजारी फोटोचं वर्ष.

१० ऑगस्ट

साधे गाळे जोडायला घेतले. खांब शीटवरून काढलेले, सुधारित ९६ टक्क्यांच्या प्रिंटने. गर्डर मात्र मी आकड्यावरून कापले : गाळा ४० फूट, म्हणजे १२.२ मीटर, म्हणजे १२२ मिमी.

दोन खांब पाटावर बसवले, वर गर्डर ठेवला, आणि तो दोन्ही खांबांच्या मधून अलगद खाली पाटावर जाऊन बसला. कुठे अडकलासुद्धा नाही. दुसरा ठेवून पाहिला, तोही तसाच.

मग बेरीज करून पाहिली, जी आधी करायला हवी होती. १४५ गुणिले १२.२ म्हणजे १७६९ मीटर. पूल २०६५चा. जवळजवळ तीनशे मीटर कमी पडतात आणि उघडणारा भाग काही तीनशे मीटरचा नाही. ४० फूट हे खांबाच्या कडेपासून पुढच्या खांबाच्या कडेपर्यंतचं मोकळं अंतर आहे. गर्डर त्याहून लांब असतो, कारण त्याला दोन्ही टोकांना खांबावर टेकायचं असतं. शिवाय खांबाची जाडी वेगळीच. आजही आपल्या रेल्वेच्या प्रमाणित गर्डरमध्ये १२.२ मीटरच्या मोकळ्या गाळ्याला बेअरिंग ते बेअरिंग, म्हणजे गर्डर टेकतो त्या जागांमधलं अंतर, १३.१ मीटर धरतात. "१२.२चा गर्डर" हे नाव आहे, लांबी नव्हे. पूल विभागात काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. इमारतीत आम्ही सगळं मध्य ते मध्य मोजतो, त्यामुळे मला ते सुचलंच नाही.

चार गाळ्यांचे आठ गर्डर पुन्हा कापले. १,१५० रुपये, आणि कटिंगवाल्याकडे रांग होती म्हणून सहा दिवस.

३१ ऑगस्ट

ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची नोंद. असा पूल करणाऱ्याने बाकीचं सोडलं तरी ही वाचावी.

पाकळी उघडते म्हटल्यावर मी तिला दाराच्या बिजागरीसारखा एक दांडा दिला होता. वक्र गर्डर काढला होता, पण तो नुसता शोभेला, कारण फिरणं सगळं दांड्यावर होत होतं. नमुना उघडत होता. पण उघडला की पाकळीची शेपटी खाली जाऊन मागच्या गाळ्याच्या रुळांवर आपटत होती. मी शेपटीची मापं तीनदा तपासली, ती बरोबरच होती.

चूक फिरण्यात होती. शेर्झरच्या पुलाला बिजागरी नसते. लहान मुलांचा झुलता लाकडी घोडा आठवा. त्याच्या पायांखाली दोन कमानी असतात, घोडा मागे कलला की त्या कमानी जमिनीवर गडगडत मागे जातात. इथे तेच. पाकळीच्या मागच्या टोकाला चाकाच्या तुकड्यासारखी पाळ असते, ती सपाट गर्डरवर टेकलेली असते, आणि पाकळी वर उठताना सगळीच्या सगळी मागे गडगडते. त्यामुळे ती जहाजाच्या वाटेतून वर तर जातेच, शिवाय बाजूलाही होते. जहाजाला वाट मोठी मिळते.

पुठ्ठ्यावर चाचणी केली. १० सेंमी त्रिज्येची पाळ कापली, तिच्या मध्यावर टाचणीने भोक पाडून पेन्सिलीचं टोक घातलं, आणि पाळ पट्टीच्या कडेवर ८० अंश गडगडवली. पेन्सिलीने मागच्या कागदावर सरळ आडवी रेघ काढली, जवळपास १४ सेंमी लांब. तीच पेन्सिल पाळेच्या कडेला लावली तर रेघ वाकडी, कमानीसारखी उठलेली. म्हणजे सगळ्या पाकळीत सरळ रेषेत जाणारा बिंदू एकच, पाळेच्या वर्तुळाचा मध्य. ढकलायचं किंवा ओढायचं असेल तर तिथेच धरायला हवं. हे हाताने करून पाहीपर्यंत नकाशातली अर्धी रचना मला उगाच वाटत होती. केल्यावर एकेक भाग का आहे ते दिसायला लागलं, आणि त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत उठले नाही.

दांडा काढून टाकला. पाळ गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर घसरत होती, तिसऱ्या उघडझापीला पाकळी २ मिमी तिरकी. खऱ्या पुलात हे होऊ नये म्हणून खालच्या पट्टीवर दाते असतात आणि पाळेत त्यांच्या मापाची भोकं. मी १.२ मिमीच्या पितळी खिळ्यांचे दाते बसवले. भोकं नेमकी त्याच मापाची ठेवली तर अडकतात. १.५ मिमीला चालली.

१९ ते २१ सप्टेंबर, पांबन

मदुराईपर्यंत रेल्वे, पुढे बस. दोन रात्रींचा मुक्काम धरून ९,४०० रुपये.

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि मी गेले नाही. शेजारच्या १९८८च्या रस्तापुलावरून उघडणारा भाग चांगला दिसतो, फोटो तिथूनच काढले. पहिल्या दिवशीचे सगळे वाया गेले. वारा इतका होता की तिपाई हलत होती आणि लेन्सवर दर दहा मिनिटांनी मिठाचा पापुद्रा चढत होता. जुन्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवत, ते का, हे तिथे अंगाला कळतं. दुसरी अडचण अशी की जुन्या पुलाच्या जाळीतून मागचा नवा पूल दिसतो. दोघांच्या रेषा फोटोत एकमेकींत मिसळतात आणि कोणती पट्टी कोणाची ते सुटं करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना गेले. तिपाई ठेवलीच नाही, कठड्यावर वाळूची पिशवी ठेवून कॅमेरा तिच्यात बसवला. तेच दृश्य पाच-पाच पावलं सरकून काढलं. सरकलं की मागचा पूल जास्त हलतो, पुढचा कमी, आणि दोन फोटो एकापुढे एक पाहिले की कोणती रेष कुठली ते समजतं.

माप घ्यायला मी गेलेच नव्हते. शीट ३वर माझ्या ज्या लाल रेषा होत्या, त्यांच्या जागी काय आहे ते पाहायचं होतं. चौदांपैकी पाच सुटल्या. बाकी नऊ तशाच लाल.

तिथे उभं राहून एक गोष्ट बराच वेळ पाहत होते. ही दोन्ही पाकळ्यांची उघडझाप माणसांनी दांडे फिरवून केलेली आहे, हाताने, शतकभर. एकेका पाकळीचं वजन ४१५ टन सांगतात. मागचं वजन तंतोतंत तोललेलं नसतं तर माणसांच्या हातांनी ते शक्यच नव्हतं. माझ्या नमुन्यात तोल अजून जमलेला नव्हता, म्हणून ते जास्त जाणवलं.

५ ऑक्टोबर

तोल. पुढचा भाग ११८ ग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य वर्तुळाच्या मध्यापासून १५० मिमी पुढे. मागच्या पेटीचा ४५ मिमी मागे. म्हणजे मागे ३९३ ग्रॅम हवेत. शिशाचे छर्रे तोलून पेटीत ओतले. पाकळी आडवी असताना बोटावर तरंगल्यासारखी स्थिर. फार आनंद झाला.

उघडायला गेले, तीस अंशांपर्यंत हळू आली, आणि मग हातातून सुटून धाडकन मागे. दोन दाते तुटले.

आडवं तोललं म्हणजे झालं असं नाही. पाकळी फिरली की उंचीतला फरक आडव्यात येतो. माझे छर्रे पेटीत फार वर भरले गेले होते, त्यामुळे सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य वर्तुळाच्या मध्याच्या वर गेला होता. पाकळी जशी उठेल तसा तो मागे सरकणार आणि तिला ओढून नेणार. गुरुत्वमध्य पुढे-मागे आणि वर-खाली, दोन्हीकडून वर्तुळाच्या मध्यावरच यायला हवा. पेटीत खोटा तळ होता तो काढला आणि छर्रे ११ मिमी खाली आणले. आता कुठल्याही कोनात सोडली तरी तिथेच थांबते.

छर्रे चिकटवून टाकायची घाई केली नाही हे बरं केलं. रूळ आणि रंग झाल्यावर पुढचा भाग १३१ ग्रॅम भरला. त्याला मागे ४३७ ग्रॅम लागले.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत रूळ टाकले, आणि काढले.

बाजारात तयार मिळणारा १६.५ मिमीचा रूळ बसवला होता. छान बसला, कारण १:१०० मध्ये ब्रॉडगेज १६.७६ मिमी येतं. पण मी १९१४चा पूल करते आहे, आणि मीटरगेज त्या मापात १० मिमी. साल शीटच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असूनही तयार माल हाताशी होता म्हणून चूक झाली. १० मिमीचा रूळ हाताने केला, लाकडाच्या पट्ट्या आणि पितळी सळई. एका पाकळीला दोन संध्याकाळी लागल्या.

दोन पाकळ्यांच्या टोकांमध्ये मी अंतरच ठेवलं नव्हतं, रंगाच्या थराने त्या एकमेकींत अडकायला लागल्या. घासून १.५ मिमीची फट केली.

१६ नोव्हेंबर

आजपर्यंतचा खर्च १९,७२० रुपये. त्यात वाया गेलेलं, म्हणजे दुसऱ्यांदा केलेली कटिंग, पुन्हा केलेले स्कॅन आणि काढून टाकलेला रूळ, मिळून ३,९०० च्या आसपास. तास २१० पर्यंत मोजले, मग मोजायचे राहिले.

शीट १, २, ४ आणि ५ पूर्ण. शीट ३वर नऊ लाल रेषा आहेत, त्यातल्या सहा वक्र गर्डर जिथे जाळीला मिळतो तिथल्या गसेट प्लेटच्या, म्हणजे सांधा जोडणाऱ्या पत्र्यांच्या. २००७च्या आधीचा, तो कोपरा जवळून दाखवणारा फोटो कोणाच्या घरच्या अल्बममध्ये असेल तर तो मला हवा आहे. रामेश्वरमच्या यात्रेला गेलेल्या कोणीतरी गाडीच्या खिडकीतून काढलेला, धूसर असला तरी चालेल. मीटरगेजच्या दिवसांतला असला तर फारच उत्तम.

काकांना काल नमुना दाखवला. त्यांनी एका बोटाने पाकळी वर नेली, मध्येच सोडली, ती थांबली. मग वाकून बराच वेळ दातेरी पट्टी पाहत होते. म्हणाले, "डावीकडचा तिसरा दाता जरा तिरका आहे." आहे. तो उद्या बदलते.